वर्गात गाणी लावली की मुलं हुशार होतात?

'मुलांना रोज शास्त्रीय संगीत ऐकवा, बुद्धी वाढते' असा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. वाटतं खरं, कारण मुळात एक प्रयोग झाला होता, १९९३ साली. पण तो लहान मुलांवर नव्हताच, कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर होता, त्यांना १० मिनिटं संगीत ऐकवलं आणि मग कागदाच्या घड्या मनात उलगडून बघण्यासारखी कोडी दिली, ती थोडी बरी सुटली आणि तो फरकही १०-१५ मिनिटांत संपला. बुद्धी कायमची वाढली असं कुणी म्हटलंच नव्हतं, ते पुढे जोडलं गेलं. नंतर असंही दिसलं की आवडती कथा ऐकली तरी तसाच फरक पडतो, म्हणजे मूड फ्रेश होतो, मेंदू जरा जागा होतो, बस एवढंच.

मग वर्गात संगीत नकोच का? तसं नाही हो. पाढे चालीत म्हटले की पटकन पाठ होतात, कारण लय आणि यमक पुढचा शब्द सुचवतात. पण इथे मुलं स्वतः म्हणत असतात, नुसती ऐकत नसतात, हा फरक मोठा आहे. उलट वाचताना शब्द असलेलं गाणं चालू असेल तर बऱ्याचदा अडथळाच होतो, गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द डोक्यात भांडतात.

पटत नसेल तर करून बघा. सारखेच अवघड १०-१० शब्दांचे दोन संच घ्या, एक शांततेत पाठ करायला द्या, दुसरा गाणं लावून, दुसऱ्या दिवशी विचारा. एकदाच नको, चारपाच वेळा, क्रम बदलून.