दायमाबाद

महाराष्ट्रातील एक प्रमुख ताम्रपाषाणयुगीन (तांब्याची व दगडाची हत्यारे एकत्र वापरली जात, त्या काळातील) स्थळ. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर ते आहे. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये त्याचा शोध लावला. पुढे म. न. देशपांडे (१९५८-५९), एस. आर. राव (१९७४-७५) व एस. ए. साळी (१९७५-७९) यांनी येथे उत्खनने केली. पाच मीटरांहून अधिक जाडीच्या थरांतून सावळदा, उत्तर हडप्पा (हडप्पा संस्कृतीचा अखेरचा टप्पा), दायमाबाद, माळवा व जोर्वे असा एकामागून एक नांदलेल्या संस्कृतींचा क्रम मिळाला. त्याचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. २३०० ते १००० मानतात. जोर्वे काळात वस्ती सर्वाधिक विस्तारली.

१९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना चार भरीव ब्राँझ वस्तू सापडल्या : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा व म्हैस. रथ सुमारे ४५ सेंमी. लांब असून सारथी उभा आहे. दांडीवर कुत्राही आहे. या वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरातून मिळालेल्या नाहीत आणि त्यांच्या काळाविषयीच्या वादाचे मूळ तेथेच आहे. राव, साळी व पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर त्या उत्तर हडप्पाकालीन मानतात. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अगरवाल यांनी मात्र धातूतील एक टक्क्याहून अधिक आर्सेनिककडे बोट दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात, असे सुचविले. ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही. ही हरकत सहज बाजूला सारण्याजोगी नाही. हडप्पा संबंधासाठी ब्राँझपेक्षा उत्खननातील पुरावा अधिक भरवशाचा वाटतो : हडप्पा चिन्हांकित दोन मुद्रा, लेखयुक्त खापरे आणि ४:२:१ प्रमाणाच्या कच्च्या विटांनी बांधलेले दफन.

ब्राँझ वस्तू संग्रहालयांत सुरक्षित आहेत. साळींचा उत्खनन-अहवाल १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. जतनाचा खरा प्रश्न प्राचीन वस्तीच्या टेकाडाचा आहे. कच्च्या विटा व मातीच्या भिंती उघड्यावर पावसात टिकत नाहीत, म्हणून खणलेले चर पुन्हा मातीने झाकणे हिताचे ठरते. जुन्या वस्तीची पांढरी माती शेतात टाकण्याची रीतही महाराष्ट्रात अशा अनेक पांढरींना (जुन्या वस्त्यांच्या टेकाडांना) भोवली आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याने जमिनीत पुरलेली जुनी ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे. मात्र वस्तू हाती आली, तरी थर एकदा विस्कटला की तो परत लावता येत नाही. ब्राँझ वस्तूंच्या काळाचा निर्णायक पुरावा मिळालाच, तर तो न खणलेल्या भागातूनच मिळण्याची शक्यता आहे. तो भाग राखणे म्हणूनच अगत्याचे आहे.