फटबंदी आणि फेअरिंग (स्वबांधणीचे कंपोझिट विमान)

हौशी बांधणाऱ्याने स्वतः तयार केलेल्या कंपोझिट (कापड आणि घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाच्या थरांनी बनवलेल्या) विमानावरील फटी बंद करणे आणि दोन भाग मिळतात तिथे निमुळती, वळणदार कवचे (फेअरिंग) बसवणे, असे हे काम. अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटन यांच्या व्हेरी-ईझी (१९७५) व लाँग-ईझी (१९७९) या विमानांमुळे साच्याविना फोम कापून त्यावर काचकापड (काचतंतूंचे कापड) आणि इपॉक्सी (सुकून कडक होणारे चिकट रेझिन) चढवण्याची रीत रुजली. तिच्यात घासकाम संपता संपत नाही.

पंखाच्या खालच्या बाजूला दाब जास्त, वर कमी. एलेरॉनच्या (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या झडपेच्या) बिजागरीपाशी फट उघडी असली की हवा तिच्यातून वर घुसते, पंखावरचा प्रवाह विस्कटतो आणि एलेरॉनचा जोरही घटतो. म्हणून तिथे लवचिक टेप किंवा मायलर या प्लास्टिकची पातळ पट्टी लावतात. पट्टी लावल्यावर एलेरॉन दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता फिरलाच पाहिजे. मात्र दिसेल ती फट बुजवणे हा उतावीळपणा. लाँग-ईझीच्या पुढच्या छोट्या पंखावरील एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या झडपेची) फट मुद्दाम ठेवलेली असते. तिच्यातून येणारी हवा प्रवाहाला पृष्ठभागाशी धरून ठेवते. याच विमानाच्या मूळ पुढच्या पंखाची उचल पावसात घटे आणि नाक खाली झुके. पुढे पंखरचनाकार जॉन रॉन्झ यांनी आखलेल्या पंखाच्या नव्या छेदाने (आडव्या कापाच्या आकाराने) ही खोड गेली.

फेअरिंगचा फायदा चाकांच्या दांड्यांवर ठळक दिसतो. गोल दांडीचा रोध तेवढ्याच जाडीच्या निमुळत्या दांडीच्या सुमारे दहापट असतो. कवचाचे वळण व सांधे इपॉक्सीत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे (मायक्रोबलून) कालवून केलेल्या लांबीने (भरावाच्या लगद्याने) साधतात. ही लांबी हलकी असते, पण तिला बळ नसते. भार काचकापडानेच पेलायचा. एलेरॉन किंवा एलिव्हेटरवर बिजागरीच्या मागे लांबी-रंगाचे वजन वाढले, तर तोल पुन्हा तपासावा लागतो. तो बिघडल्यास वेगात फडफड (फ्लटर) सुरू होऊन तो भाग तुटू शकतो.

कोकण किनाऱ्यावर या कामाला हवामान आडवे येते. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत अनेक इपॉक्सींवर मेणचट थर धरतो. तो साध्या पाण्याने धुऊन मगच घासावे. आधी घासल्यास तो आत रगडला जातो आणि पुढचा थर चिकटत नाही. बंद खोली आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र नसेल, तर हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे.

रत्नागिरी-मालवणकडे फायबरच्या होड्या बांधणारे कुशल हात आहेत. कापड बसवणे, बुडबुडे काढणे त्यांच्याकडूनच शिकावे. रेझिन मात्र त्यांचे घेऊ नये. होड्यांसाठी सहसा वापरले जाणारे पॉलिस्टर रेझिन स्टायरीनयुक्त असते, आणि स्टायरीन पंखातला पॉलिस्टायरीन फोम विरघळवते. वरून नुसती लांबी म्हणून लावले तरी, पुरत्या न सुकलेल्या इपॉक्सीवर ते नीट जमत नाही.

खाऱ्या हवेत कार्बन कापड ॲल्युमिनियमला थेट टेकले की ॲल्युमिनियम गंजते. म्हणून मध्ये काचकापडाचा थर देतात. फेअरिंगच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला भोक ठेवतात. रंगकामात ते हमखास बुजते, तेव्हा रंग सुकल्यावर तार घालून मोकळे करावे लागते.