लीजन ऑफ ऑनर

फ्रान्सचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान. फ्रेंच उच्चार साधारण ‘लेजिओं दॉनर’. रणांगणावरचा सैनिक, प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आणि रंगमंचावरचा कलावंत या सगळ्यांना एकच पदक मिळते, हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे परमवीरचक्र वेगळे, पद्म पुरस्कार वेगळे. फ्रान्सने हा भेद मुद्दामच ठेवला नाही.

1789 च्या फ्रेंच राज्यक्रांतीने राजेशाहीतली मानचिन्हे मोडीत काढली होती. प्रथम कॉन्सल, म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच प्रजासत्ताकाचा प्रमुख असलेल्या नेपोलियनने 19 मे 1802 रोजी हा सन्मान स्थापन केला, तेव्हा ‘पुन्हा सरदार-दरकदार आणता काय?’ अशी ओरड झाली. कायदेमंडळात 166 विरुद्ध 110 मतांनी तो कसाबसा तरला. जन्माने नव्हे, कर्तबगारीने मिळणारा मान, ही त्यामागची भूमिका. पहिला महाकुलपती (सन्मानाचा कारभार पाहणारा अधिकारी) नेमला तोही सेनापती नव्हे, तर लासेपेद हा निसर्गशास्त्रज्ञ.

शेव्हालिए, ऑफिसिए आणि कोमांदर या तीन श्रेणी, त्यांच्यावर ग्रां-ऑफिसिए आणि ग्रां-क्रुआ हे दोन उच्च सन्मान. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष या सन्मानाचे पदसिद्ध महाप्रमुख असतात. पाच भुजांचा पांढरा तारा, वर ओक व लॉरेलच्या पानांचे कडे, फीत लाल. ‘मान आणि मातृभूमी’ हे ब्रीद. रोजच्या कोटावर मात्र शेव्हालिए काजात लाल फितीची बारीकशी पट्टी लावतो, ऑफिसिए छोटीशी गोल गुंडी. गंमत म्हणजे पदक सरकार फुकट देत नाही. मानकऱ्याला ते स्वतःच्या पैशाने घ्यावे लागते.

1887 मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रेव्ही यांचा जावई विल्सन पदके मिळवून देण्याचा धंदा करतो, हे उघडकीला आले आणि सासऱ्यांना पद सोडावे लागले. पुढे मानकऱ्यांची संख्या फार फुगली, म्हणून 1962 च्या संहितेने, म्हणजे या सन्मानाच्या नव्या नियमावलीने, तिला आळा घातला. पाठोपाठ 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी निळ्या फितीचा ‘राष्ट्रीय गुणवत्ता सन्मान’ सुरू केला; तो या सन्मानाचा धाकटा भाऊच. नकार देणारेही कमी नाहीत: चित्रकार कूर्बे, शास्त्रज्ञ पिएर क्यूरी, तत्त्वज्ञ-लेखक सार्त्र. दिलेला मान काढूनही घेतात. 2025 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांचा असाच गेला.

परदेशी व्यक्तींना पदक मिळते, पण नियमांनुसार त्या व्यक्ती फ्रेंच मानकऱ्यांप्रमाणे ‘लीजन’च्या सदस्य होत नाहीत. सत्यजित राय यांना ते 1989 मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी कोलकात्यात येऊन दिले. लता मंगेशकर यांना ऑफिसिए श्रेणी मिळाली.