बिनडोक गिटार

मान आहे, धड आहे, डोकं नाही. माझी ही गिटार पहिल्यांदा हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक वादक एकच गोष्ट करतो. एक तार छेडतो, ती किंचित उतरलेली वाटते, आणि डावा हात आपसूक मानेच्या टोकाकडे जातो. तिथे खुंट्या नसतात. हात हवेत चाचपडतो, मग वादक माझ्याकडे बघतो. मी ब्रिजकडे, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात तिकडे, बोट दाखवतो. सूर लावायच्या सहा बारक्या चकत्या तिथे, उजव्या तळहाताच्या मागे, ओळीने बसलेल्या असतात.

दुसरा धक्का फ्रेटचा, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचा. ते एकमेकांना समांतर नाहीत, हातपंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले आहेत. मानेची पाठही गोल नाही, तिला चपटे पैलू आहेत. अशा गिटारींची तारीफ ठरलेली असते: वजन कमी, सूर पक्का, खर्ज स्वच्छ आणि स्वर जास्त वेळ रेंगाळतो. दोन वर्षं वाजवल्यावर माझं मत असं की पहिल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण फुकट नाहीत. चौथीत बरीच मखलाशी आहे.

गिटारला डोकं हवंच असं भौतिकशास्त्र म्हणत नाही. इलेक्ट्रिक गिटारला तर लाकूडही हवंच असं नाही. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज बीचम यांची जी गिटार रिकनबॅकरच्या कारखान्यातून बाहेर पडली, ती ओतीव ॲल्युमिनियमची होती. दिसायला तव्यासारखी, म्हणून तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणू लागले. १९४०च्या सुमारास लेस पॉल यांनी पाइनच्या चार इंची ओंडक्यावर तारा चढवल्या आणि ते गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही अंगांना एका साध्या गिटारचे कापलेले अर्धे भाग जोडले. हे चालतं, कारण तारांखाली बसवलेला पिकअप लाकडाचा आवाज ऐकतच नाही. त्यातलं चुंबक पोलादी तारेला चुंबकत्व देतं, तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि भोवतीच्या हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. हाच तो फॅरेडेचा १८३१चा शोध. लाकडाला काही म्हणायचं असेल, तर ते तारेच्या हालचालीत ढवळाढवळ करूनच म्हणता येतं. ती ढवळाढवळ कशी होते, ते पुढे येईलच.

१९८०च्या आसपास नेड स्टाइनबर्गर यांनी कार्बन फायबर आणि इपॉक्सीचा एक बास (खर्जाची गिटार) बनवला. त्याचं धड एखाद्या लांबट पेटीएवढं, आणि डोकं सफाचट. लोक हसले. पण हिशेब पक्का होता. सहा खुंट्यांचं वजन २०० ग्रॅम धरा. पट्टा अडकवायचा पुढचा खिळा साधारण बाराव्या फ्रेटच्या आसपास असतो, तिथून खुंट्या सुमारे ४२ सेंटिमीटर दूर. तेवढ्याला तोलून धरायला धडाच्या बाजूला, २० सेंटिमीटर अंतरावर, ४२० ग्रॅम वजन लागतं. म्हणजे टोकाला ठेवलेलं पावशेराहून कमी लोखंड मागे जवळपास दुप्पट लाकूड मागतं. नाही दिलं तर हात सोडल्यावर मान जमिनीकडे झुकते आणि डावा हात वाजवायचं सोडून मान उचलून धरत बसतो. खुंट्या ब्रिजपाशी नेल्या की त्याच खुंट्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पडतात. जुन्या घाटाची, जाड धडाची गिटार चार किलोच्या वर सहज जाते. माझी सव्वादोन किलोची आहे. तासभर उभं राहून वाजवल्यावर खांद्याला हा फरक कळतो, त्याला कानांची साक्ष लागत नाही.

डोकं गेल्याने सुरावरही परिणाम होतो, आणि तो मला आधी वाटला होता त्याच्या उलट दिशेनेही होतो. नेहमीच्या गिटारमध्ये तार नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकवणाऱ्या पट्टीच्या) खाचेतून वाकून खुंटीपर्यंत जाते. मींड घेताना तार ताणली जाते, तेव्हा नटच्या पलीकडचा तुकडा खाचेतून थोडा सरकतो. परत येताना तो अडकला, तर तार चढलेलीच राहते. पुढे कधीतरी ‘टिंक’ असा बारीक आवाज होतो आणि सूर घसरतो. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासणं हा त्यावरचा जुना इलाज. बिनडोक गिटारमध्ये तार नटच्या लगेच मागे स्क्रूने आवळलेली असते. सरकायला जागाच नाही, त्यामुळे अडकणंही नाही. पण तो पलीकडचा तुकडा स्प्रिंगसारखं कामही करत होता. तो गेला की तार तेवढीच ओढली तरी सूर जास्त चढतो. पहिले काही दिवस माझी प्रत्येक मींड निशाण ओलांडून जात होती.

आता तिरक्या फ्रेटकडे. माझ्या मते या गिटारमधली सगळ्यात अस्सल कल्पना हीच आहे.

मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये मांडलेला नियम सांगतो की तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरला वजन. गिटारची सर्वांत खालच्या सुराची तार ८२.४ हर्ट्झला कंप पावते, सर्वांत वरची ३२९.६ला, म्हणजे बरोबर चौपट. लांबी आणि ताण दोन्हीकडे सारखे ठेवायचे असतील, तर खालची तार सोळापट जड करावी लागते. पियानो बनवणाऱ्याने हा खेळ कधीच सोडून दिला. तो खर्जाच्या तारा सरळ लांब करतो. गिटारवाला मात्र एकाच लांबीत सगळं बसवतो. मग जाड तार थोडी दोरीसारखी आणि थोडी सळईसारखी वागू लागते. सळईला वाकण्याचा अंगचा विरोध असतो, त्यामुळे स्वरांश (मूळ सुराबरोबर त्याच तारेतून निघणारे वरचे सूर) मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट न राहता थोडे थोडे वर सरकतात. कानाला खर्ज गढूळ लागतो. सात तारांच्या गिटारमधली सर्वांत खालची तार ६१.७ हर्ट्झला लावतात, आणि तिथे हा गढूळपणा लपवायला जागा उरत नाही.

उपाय म्हणून वरच्या तारेला नेहमीची ६४८ मिलिमीटर लांबी द्यायची आणि खालच्या तारेला ६८६. सूर तोच, तार तीच, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे सुमारे १२ टक्के. आणि तो सळईपणा लांबीच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे २० टक्क्यांनी कमी होतो. चार सेंटिमीटरहून कमी लांबीत एवढं मिळतंय. फ्रेट पंख्यासारखे होतात ते यामुळे. प्रत्येक तारेवर त्यांची जागा एकाच सूत्राने ठरते, पण तारांची लांबी वेगवेगळी. माझ्या गिटारवर फक्त सातवा फ्रेट सरळ आहे. तिथून मागे येताना तिरकेपणा वाढत नटपाशी तेरा मिलिमीटरच्या आसपास पोचतो, आणि दुसऱ्या बाजूला ब्रिजपाशी पंचवीस. ही युक्ती नवीही नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ऑर्फॅरियन नावाचं तारवाद्य वाजत होतं, त्याचे फ्रेट असेच तिरके असत. राल्फ नोव्हॅक यांनी १९८९ मध्ये आधुनिक गिटारसाठी तिचं पेटंट घेतलं.

एक गैरसमज मात्र वारंवार भेटतो: फ्रेट तिरके म्हणजे गिटार जास्त सुरेल. नाही. सप्तकाचे बारा समान भाग पाडले की गांधार शुद्ध गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा राहतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), आणि तिरके फ्रेट तो जागचा हलवत नाहीत. त्यासाठी नागमोडी फ्रेटच्या गिटारी मिळतात, तो वेगळाच पंथ आहे.

वाजवायला कसे? पहिल्या पाच-सहा फ्रेटपर्यंत बोटं स्वतःच पंख्यासारखी पसरलेली असतात, त्यामुळे दहा मिनिटांत सवय होते. पंधराव्या फ्रेटच्या पुढे कॉर्ड धरायला गेलात की मनगट उलट्या दिशेला वळवावं लागतं, आणि तिथे मी दोन वर्षांनंतरही अडखळतो. फक्त सहा तारा नेहमीच्या सुरात लावून वाजवणार असाल, तर ही कसरत का करायची, याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. सात-आठ तारा असतील, तर चर्चाच नको, घ्या.

मानेच्या पैलूंबद्दल एवढंच: ओला स्ट्रँडबर्ग या स्वीडिश कारागिरामुळे हा प्रकार गाजला. अंगठा सपाटीवर टेकतो, मनगट सरळ राहतं. अंगठा वरून वळवून खर्जाची तार दाबायची सवय असेल, तर मात्र पैलूची कड टोचते.

राहिला स्वर रेंगाळण्याचा दावा. माझ्या जुन्या, डोकं असलेल्या गिटारवर तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट दाबला की स्वर उठतो आणि लगेच विझतो. चौथा ठीक, सहावा ठीक, पाचवा मुका. तार खराब नाही, फ्रेटही झिजलेला नाही. गिटारची मान ही स्वतःच एक कंप पावणारी पट्टी आहे, तिचे स्वतःचे ठराविक सूर असतात. तारेचा सूर त्यातल्या एखाद्याशी जुळला, आणि मान नेमकी त्या फ्रेटपाशी डोलत असली, तर तारेची ऊर्जा मानेत झिरपते. पिकअपला मानेचं डोलणं ऐकू येत नाही, त्याला फक्त तार थांबलेली दिसते. लाकूड बोलतं ते असं, तारेचा घास घेऊन. हेल्मुट फ्लाइशर या जर्मन संशोधकाने १९९०च्या दशकात गिटारींची मान कुठे किती डोलते हे मोजून अशा मुक्या जागांशी त्याचा संबंध दाखवला.

मी एक लहानसा लोखंडी क्लॅम्प घेतला आणि जुन्या गिटारच्या डोक्याला आवळला. पाचवा फ्रेट गाऊ लागला. चौथा विझला. टोकाला वजन वाढलं की मानेचा सूर उतरतो, आणि मुकी जागाही त्याच्यामागून खाली सरकते. मग डोकंच छाटलं तर? वजन गेलं, मानेचा सूर चढला, मुकी जागा वर सरकली. नवी गिटार घरी आल्यावर मी तिसऱ्या तारेवर एकेक फ्रेट दाबत गेलो, आणि ती अकराव्यावर सापडली. पूर्वीपेक्षा सौम्य आहे, पण आहे. कार्बन फायबरची ताठ, हलकी मान हा प्रश्न पुष्कळसा वर ढकलते, कारण तिचे सूरच खूप चढे असतात. लाकडी मानेच्या बिनडोक गिटारमध्ये ‘मुकी जागा नाही’ असं कोणी सांगितलं, तर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून बघावा. पंधरा मिनिटं लागतात.

अशा गिटारींच्या चोवीस फ्रेटचाही एक छुपा खर्च आहे. चोविसावा फ्रेट तारेच्या चतुर्थांशावर येतो. कमी फ्रेटच्या कित्येक जुन्या गिटारींमध्ये मानेजवळचा पिकअप त्याच जागेखाली बसतो, आणि मोकळी तार छेडली की तिथे चौथा स्वरांश जवळजवळ स्तब्ध असतो. त्या गोल, पोकळ गोडव्याचा हा एक भाग. तिथे फ्रेट आला की पिकअपला ब्रिजकडे सरकावं लागतं. आवाज थोडा कणखर होतो. वाईट नाही, पण जुन्या आवाजावर जीव असलेल्याला चुकल्यासारखं होतं.

आणि मग तारा बदलायचा दिवस. पहिल्या वेळी मी तार मोकळीढाकळी सोडून स्क्रू आवळला आणि ब्रिजवरची चकती फिरवत बसलो. सूर चढत चढत अर्धा सूर कमी असताना चकती थांबली. तिचा प्रवास संपला होता. आत ती एका बारीक आट्यांच्या स्क्रूने तार मागे खेचते, आणि त्या स्क्रूला जेमतेम सेंटिमीटरभर धाव असते. सगळं सोडून पुन्हा सुरुवात केली. आता तार पक्कडीने आधीच ताणून धरतो आणि मगच आवळतो. जास्त आवळली तर ती तिथेच तुटते, कमी आवळली तर पहिल्या मींडीला निसटते. षटकोनी चावी हरवली तर तार बदलणंच बंद. म्हणून एक चावी पट्ट्याला बांधलेली असते, दुसरी पेटीत, तिसरी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात.

सूर तपासायचा चिमट्याचा ट्यूनर लावायला टोक नाही, तो मी पट्ट्याच्या खिळ्याजवळ कसाबसा अडकवतो. भिंतीवरच्या हुकात तर डोक्याखालीच गिटार अडकते. जुनी तिथे अजून टांगलेली आहे. नवी तिच्याखाली, कोपऱ्यात टेकून उभी असते.