डायलवर चमकता रंग भरण्याचे पेडल यंत्र : घेण्याआधी वाचावे

घड्याळाच्या डायलवर बारा ठिपके भरण्याचे काम वरवर सोपे वाटते. पहिले दोन-तीन ठिपके झकास येतात. पुढे काडीवरचा रंग घट्ट होत जातो, हात जड होतो, आणि बारावा ठिपका पहिल्याच्या शेजारी ठेवला की दोघांचा मेळ बसत नाही. दिवसा हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अंधारात मात्र लपत नाही, कारण थर जिथे पातळ तिथे उजेड कमी. गिऱ्हाईक ते घड्याळ रात्री उशाशी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुकानात घेऊन येते.

हे यंत्र या एकाच अडचणीसाठी केले आहे : प्रत्येक खुणेवर रंग मोजून आणि सारखा पडावा. रंग कोणता घ्यायचा, कालवायचा कसा, डायल स्वच्छ किती करायची, हे सगळे कारागिराच्याच हातात राहते. उलट यंत्रावर कालवणीचा दोष जास्त ठळक दिसतो. हाताने काम करताना आपण नकळत सांभाळून घेतो, यंत्र सांभाळून घेत नाही.

महिन्याला चार-दोन डायल येत असतील तर हे यंत्र घेऊ नका. टोक सपाट घासलेली सुई आणि चांगला भिंग एवढ्यावर तुमचे भागेल. भिंतीवरची घड्याळे बनवणारे, जुनी घड्याळे घाऊक दुरुस्त करणारे, तसेच प्रेशर गेज आणि मीटरच्या तबकड्या करणारे, यांच्यासाठी हे आहे.

यंत्र चालते कसे

पाया बीडाचा आहे, आपल्या कोल्हापुरात ओतलेला. वजन मुद्दाम ठेवले आहे, म्हणजे पेडल दाबताना टेबल हलले तरी सुई हलत नाही. पायावर एक फिरती चकती बसते. तिच्या कडेला ६० खाचा आहेत. दर पाचव्या खाचेवर खटका लावला की तासाच्या बारा खुणा मिळतात, प्रत्येक खाचेवर लावला की मिनिटांच्या साठ. डायलचे मधले भोक चकतीच्या पिनेवर बसते. पिना वेगवेगळ्या मापाच्या मिळतात. डायलच्या मागच्या पायांसाठी (मागे बसवलेल्या बारीक खुंट्यांसाठी) चकतीच्या रबरात गाळा ठेवला आहे, नाहीतर डायल एका बाजूला उचलली जाते आणि सहाचा ठिपका लहान, बाराचा मोठा असा प्रकार होतो.

वरच्या दांड्यात प्लास्टिकची साधी सिरिंज बसते. तिचा दट्ट्या हाताने दाबायचा नसतो, एक स्क्रू त्याला ढकलतो. स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढा पुढे सरकतो ते अंतर, अर्धा मिलिमीटर आणि त्यावर ६० दात्यांचे रॅचेट, म्हणजे एकेक दाता पुढे सरकणारे चाक. म्हणजे एक दाता पुढे गेला की दट्ट्या मिलिमीटरच्या एकशेविसाव्या भागाइतका सरकतो. एक मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास साधारण ४.७ मिलिमीटर असतो. त्या हिशेबाने एका दात्याला सुमारे ०.१४ घनमिलिमीटर रंग बाहेर येतो. मनगटी घड्याळाचा दीड मिलिमीटर व्यासाचा, पाव मिलिमीटर जाडीचा ठिपका ०.४४ घनमिलिमीटरचा होतो, म्हणजे तीन दाते. भिंतीवरच्या घड्याळाला चार मिलिमीटरचा ठिपका हवा असेल तर तीन मिलिलिटरची सिरिंज लावा. तिला एका दात्यामागे अर्ध्या घनमिलिमीटरच्या आसपास रंग येतो आणि सात-आठ दात्यांत काम होते. हे आकडे ओल्या रंगाचे आहेत. पातळ करायला घातलेले द्रव उडून गेले की ठिपका खाली बसतो, म्हणून एक-दोन दाते जास्त धरावे लागतात. किती जास्त, ते तुमच्या रंगावर ठरते. टाकाऊ डायलवर एकदा बघून घ्या आणि आकडा यंत्रावर खडूने लिहून ठेवा.

पेडल एकदा दाबले की सगळे क्रमाने होते : सुई टेकणीपर्यंत (तिला ठरावीक उंचीवर थांबवणाऱ्या अडणीपर्यंत) खाली येते, रॅचेट ठरवलेले दाते फिरते, सुई वर जाते, दट्ट्या किंचित मागे ओढला जातो आणि चकती पुढच्या खाचेवर सरकते. दट्ट्या मागे ओढण्याची सोय नसेल तर सुईच्या टोकाशी थेंब लोंबत राहतो आणि दोन खुणांच्या मधे पडतो. वीज लागत नाही. लाईट गेली तरी काम चालू राहते, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे कॉम्प्रेसर लागत नाही.

मोठ्या कारखान्यांत हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे वापरतात. ती चांगली असतात, पण त्यांत रंग मोजला जातो दाब आणि वेळ यांच्यावर. रंग तासाभरात थोडा जरी घट्ट झाला तरी तेवढ्याच वेळात कमी रंग पडतो आणि दाब पुन्हा लावून घ्यावा लागतो. स्क्रू मात्र रंग घट्ट असो वा पातळ, तेवढाच ढकलतो. लहान वर्कशॉपला आम्ही हीच पद्धत सुचवतो.

सुई आणि बुडबुडा

तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

औषधाच्या दुकानातली सुई तिरकी कापलेली असते. तिच्यातून थेंब एका बाजूला पडतो आणि खुणेच्या बाहेर जातो. सुई सरळ कापून, तेलदगडावर घासून, आतली किनार काढून मगच लावा. किंवा सपाट टोकाची तयार सुई घ्या. २५ नंबरच्या सुईचे भोक ०.२६ मिलिमीटर असते, २१ नंबरचे ०.५१. मनगटी घड्याळाला पहिली, भिंतीवरच्याला दुसरी. सुई अडकते म्हणून रंगात कालवायची चमकती पूड बारीक दाण्याची घ्यावी असे वाटेल, पण बारीक दाणा कमी चमकतो. सुईच्या भोकाच्या पाव भागापेक्षा मोठा दाणा नको, एवढे पाहिले की बास. पूड खलात कुटून बारीक करण्याचा उद्योग तर अजिबात करू नका. दाणा फुटला की चमक जाते, आणि गेलेली चमक परत येत नाही.

सुईचे टोक डायलपासून किती वर थांबावे, हे टेकणीच्या स्क्रूने ठरते. फार खाली असेल तर सुई ठिपक्यात बुडते आणि वर जाताना त्याला शेपूट काढते. फार वर असेल तर रंग सुईलाच चिकटून बाहेरून वर चढतो. सुरुवातीला अंतर सुईच्या भोकाइतके ठेवा आणि तिथून कमी-जास्त करा.

आता बुडबुडा. सिरिंजमध्ये मोहरीएवढी हवा राहिली तरी सगळा हिशेब बिघडतो. दट्ट्या सरकतो तेव्हा आधी हवा दबते, रंग नंतर हलतो. म्हणून पहिले ठिपके बारके येतात, आणि यंत्र थांबल्यावर दबलेली हवा फुगून रंग आपोआप बाहेर येत राहतो. रंग भरल्यावर सिरिंज सुई वर करून धरा, टिचक्या मारा, हवा वर आली की हळूच बाहेर काढा. त्यानंतर पाच-सहा ठिपके कागदावर पाडून मगच डायल चकतीवर ठेवा.

रंग

बाजारात मुख्यतः दोन प्रकारची पूड मिळते. एक जस्ताच्या सल्फाइडची, तांब्याचा अंश घातलेली. ती स्वस्त असते, उजेडातून आत नेल्यावर झकास चमकते आणि पाऊण-एक तासात विझते. दुसरी स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटची, युरोपियम आणि डिस्प्रोसियम हे धातू अत्यल्प घातलेली. ही जपानच्या नेमोटो कंपनीने १९९३ च्या सुमारास काढली, आणि घड्याळांच्या धंद्यात मोठा बदल झाला. तिची चमक पहिल्या काही मिनिटांत झपाट्याने उतरते, पण मंद उजेड रात्रभर टिकतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना पहाटेसुद्धा काटे दिसतात. हिरवी पूड सर्वांत तेजस्वी, निळसर थोडी कमी. पांढरी दिसणारी पूड शोकेसमध्ये देखणी दिसते, अंधारात मात्र निराश करते. आम्ही हिरवीच सुचवतो.

या पुडीचे दोन शत्रू : पाणी आणि लोखंड. पाण्याशी संबंध आला की ती हळूहळू विघटित होते, म्हणून पाण्यात मिसळणारा रंग किंवा वॉर्निश वापरू नका. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा किती ओली असते ते सांगायला नको. बाटलीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि झाकण कामापुरतेच उघडा. दुसरे, हा दाणा कठीण आहे. लोखंडी पट्टीने कालवला तर पट्टीच झिजते, काळे कण रंगात उतरतात आणि ठिपका राखाडी दिसतो. काचेच्या काडीने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कालवा. यंत्राच्या सुयाही याच कारणाने झिजतात. त्या खर्चात धरूनच चला.

पूड आणि वॉर्निश वजनाने साधारण निम्मे-निम्मे घ्या आणि वॉर्निश देणाऱ्याची सूचना वाचा. कालवलेला रंग काडीवरून काकवीसारखा संथ, सलग ओघळला पाहिजे. तुटक पडला तर घट्ट आहे, पटकन पसरला तर पातळ. पूड वॉर्निशपेक्षा तिपटीहून जड असल्याने तळाशी बसते. सिरिंज यंत्रावर तशीच सोडून जेवायला गेलात तर परत आल्यावर आधी दाट रंग येईल आणि शेवटी नुसते वॉर्निश. म्हणून लहान लहान घाणे काढा.

काळ्या डायलवर थेट हिरवा ठिपका देऊ नका. खालचा काळा रंग अर्धा उजेड गिळतो. आधी पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या, तो वाळू द्या, त्यावर चमकता. दोन्ही थर याच यंत्रावर, त्याच खाचांवर होतात, त्यामुळे एकमेकांवर बरोबर बसतात. हाताने हे नेमके साधणे अवघड, आणि यंत्राचा पैसा खरा वसूल होतो तो इथे.

यंत्र काय करत नाही

काटे भरत नाही. पोकळ काट्यात रंग ताणून बसवावा लागतो; काटा उलटा धरून, घट्ट रंगाने, हातानेच. अंक लिहीत नाही. अंकांसाठी स्क्रीन छपाई बरी. लांब पट्ट्या करायच्या तर दांडा थोडा सरकवून ओळीने तीन-चार ठिपके द्यावे लागतात, ते आपसांत मिसळतात. जमते, पण वेळ खाते.

‘रेडियम लावून द्या’ म्हणणाऱ्यांसाठी

गिऱ्हाईक अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला रेडियमच म्हणते. आमच्याकडच्या रंगात रेडियम नाही, आणि कुठल्याही किरणोत्सारी रंगासाठी हे यंत्र आम्ही देत नाही. त्यामागे कारण आहे.

क्युरी दांपत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधले आणि पुढच्या वीस वर्षांत ते घड्याळांवर आले. रेडियमचे किरण जस्ताच्या सल्फाइडवर आदळत राहतात, त्यामुळे तो रंग उजेड न दाखवताही चमकतो. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावच्या कारखान्यात डायल रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचे टोक ओठांनी टोकदार करायला शिकवले जात होते. प्रत्येक वेळी थोडा रंग पोटात जाई. पुढे त्यांच्या जबड्याची हाडे सडली, कित्येक जणी दगावल्या. पाच जणींनी खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. त्याच काळात युरोपात हेच काम काचेच्या काडीने किंवा टोकदार लाकडी काडीने होत होते. काडी तोंडात घालावी लागत नाही, एवढाच काय तो फरक.

हे सांगायचे कारण म्हणजे तसली घड्याळे अजून घराघरांत आहेत. जुनी लष्करी घड्याळे, गजराची परदेशी घड्याळे, विमानातली मीटर. त्यांचे ठिपके तपकिरी झालेले असतात आणि चमकत नाहीत. चमकत नाही म्हणजे निरुपद्रवी, असे समजू नका. रेडियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे. विझला आहे तो सल्फाइड, किरणांनीच त्याचे स्फटिक मोडून टाकले. अशी डायल खरवडू नका, काच उघडून फुंकर मारू नका. खरवडलेली धूळ श्वासातून आत जाते, धोका तिथेच आहे. पुष्कळ जुनी घड्याळे जमवणाऱ्यांनी ती बंद कपाटात ठेवू नयेत, कारण रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू तयार होतो आणि साचतो. संशय असेल तर गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारे उपकरण) असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. डोळ्यांनी खात्री होत नाही.

सहाच्या आकड्याखाली ‘टी स्विस टी’ असे छापलेले असेल तर रंगात ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सारी पदार्थ आहे. त्याचे अर्धायुष्य १२.३ वर्षांचे, त्यामुळे जुन्या डायलमध्ये ते बरेचसे संपलेले असते. तरीही खरवडण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

दोन्ही प्रकारच्या डायलवर आम्ही प्रात्यक्षिकासाठीही काम करत नाही. कृपया आग्रह करू नये.

बघायला येताना

यंत्र शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चालू स्थितीत बघायला मिळते. येताना स्वतःची डायल आणि शक्य असेल तर स्वतःचाच रंग घेऊन या. आमच्या रंगाने आमच्या डायलवर आम्ही काढलेले ठिपके चांगलेच दिसणार. पाच-सहा टाकाऊ डायल असल्या तर उत्तम, दात्यांचा आकडा तिथल्या तिथे ठरवता येईल. पिनेसाठी डायलच्या मधल्या भोकाचे माप आधी कळवले तर पिन तयार ठेवू. चकती, रॅचेट आणि खटका आम्ही इथेच बनवतो, सुटे मिळतात. सिरिंज आणि सुया बाजारातल्याच आहेत, त्या आमच्याकडून घेण्याची गरज नाही. दरपत्रक वेगळे जोडले आहे.