परकीय गुंतवणूक प्रोत्साहन यंत्रणा, नागपूर

परदेशी कंपन्यांनी एखाद्या शहरात कारखाने, कचेऱ्या किंवा संशोधन केंद्रे काढावीत यासाठी त्यांना शोधणारी, जागा दाखवणारी आणि आल्यावर त्यांच्या अडचणी निस्तरणारी संस्था म्हणजे गुंतवणूक प्रोत्साहन संस्था. देशपातळीवर आयर्लंडची आयडीए (१९४९) आणि सिंगापूरचे आर्थिक विकास मंडळ (१९६१) ही यातली जुनी घराणी. फ्रान्समधल्या ल्यों शहराने १९७४ पासून आपल्या प्रदेशापुरती अशी संस्था चालवली आहे. भारतात केंद्राची इन्व्हेस्ट इंडिया २००९ मध्ये स्थापन झाली. नागपुरात हे काम एका छपराखाली नाही. ते राज्याची महामंडळे, जिल्ह्याची सरकारी कचेरी आणि उद्योजकांच्या संघटना यांच्यात वाटले गेले आहे, आणि शहरात आलेल्या परकीय भांडवलाचे स्वरूप या वाटणीवरून बरेचसे कळते.

परकीय गुंतवणुकीला परवानगी देणे हा शहराचा विषय नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा (१९९९) आणि केंद्राचे धोरण यांनुसार बहुतेक क्षेत्रांत पैसा स्वयंचलित मार्गाने, म्हणजे आधी सरकारची परवानगी न घेता, येतो. उरलेल्या प्रस्तावांची छाननी करणारे परकीय गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ २०१७ मध्ये बरखास्त झाले आणि ते काम संबंधित मंत्रालयांकडे गेले. शहराच्या हाती उरतात जमीन, पाणी, वीज, सवलती आणि फोन उचलणारा अधिकारी. गुंतवणूकदार बहुधा शेवटच्या गोष्टीवरूनच शहराची परीक्षा करतात.

जमिनीची मुख्य मालकीण एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाच्या हिंगणा आणि बुटीबोरी या वसाहती नागपूरच्या औद्योगिक नकाशाचा कणा आहेत. भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो आणि वसाहतीच्या हद्दीत नियोजन प्राधिकरणही एमआयडीसीच असल्याने बांधकामाचे नकाशे तिच्याकडेच मंजूर होतात. जिल्हा उद्योग केंद्राचा भर लहान उद्योगांवर. राज्यपातळीवर ‘मैत्री’ हा कक्ष एक खिडकी म्हणून काम करतो आणि २०२३ मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला. सवलतींची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालत आली आहे. तालुका जितका मागास तितकी सवलत मोठी, हे तिचे सूत्र. विदर्भाला त्यात वरचा दर मिळतो. अनुशेषाची, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांच्या थकबाकीची, चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून इथल्या राजकारणात मुरलेली आहे, त्यामुळे कोणताही कारखाना येवो किंवा जावो, त्याचा हिशेब अनुशेषाच्या खात्यात मांडला जातो.

मात्र परदेशी कंपनीशी थेट बोलणी करणारी संस्था म्हणून नागपुरात ज्या नावाची चर्चा होते ते महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीचे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीकडे मिहान प्रकल्प आहे. विमानतळालगत सुमारे ४,३०० हेक्टरांवर मालवाहतूक केंद्र, विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ), निवासी भाग आणि संस्थांसाठी जागा अशी ही आखणी. मूळ कल्पना अशी की देशाच्या मध्यावर उतरलेला माल इथून सगळीकडे जाईल. तसे झाले नाही. त्याऐवजी टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल अशा सॉफ्टवेअर कंपन्या आल्या, ल्युपिन आली, एम्स आणि आयआयएम आले. सगळे उपयोगाचे, पण परकीय भांडवल म्हणता येईल असे त्यात फारसे नाही. सेझसाठी उभारलेला खासगी वीजप्रकल्प बंद पडला, शिवणगावसारख्या गावांच्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. प्रकल्पाची जाहिरात करणारी आणि जमीन विकसित करून भाडेपट्ट्याने देणारी संस्था एकच असली की वाटप झालेल्या एकरांनाच यश मानण्याचा मोह होतो. मिहानमध्ये जागा घेऊन बांधकाम न करणाऱ्यांची संख्या लहान नव्हती.

मिहानमध्ये परदेशी कंपन्या आल्या त्या प्रामुख्याने विमानांच्या खरेदीमागून. एअर इंडियाने डिसेंबर २००५ मध्ये बोईंगकडे ६८ विमानांची मागणी नोंदवली आणि त्या सौद्याचा भाग म्हणून बोईंगने भारतात सुमारे १० कोटी डॉलर खर्चून देखभाल-दुरुस्ती केंद्र बांधण्याचे मान्य केले. ते नागपुरात झाले, २०१५ मध्ये सुरू झाले आणि चालवायला एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे आले. दुसरे उदाहरण राफेल या लढाऊ विमानाचे. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांचा करार झाला. करारमूल्याच्या निम्म्या रकमेइतकी कामे भारताला देण्याची ऑफसेटची अट त्यात होती. राफेल बनवणारी फ्रेंच कंपनी दासो आणि रिलायन्स यांच्या संयुक्त कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मिहानमध्ये झाली. फाल्कन जातीच्या व्यावसायिक जेट विमानांचे सुटे भाग तिथे बनू लागले. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात दोन्ही कंपन्यांनी अख्खे फाल्कन २००० विमान नागपुरात जोडण्याची घोषणा केली. या दोन्ही प्रकल्पांचे मूळ दिल्लीतल्या खरेदी करारांत आहे. नागपूरने विमानतळाला लागून तयार जमीन पुढे केली, आणि ते श्रेय कमी नाही, कारण ऐनवेळी अशी जमीन दाखवू शकणारी शहरे थोडी असतात.

हाच नियम उलटाही फिरला. हवाई दलासाठी ५६ सी-२९५ मालवाहू विमानांचा करार २०२१ मध्ये झाला. त्यांतली ४० भारतात बनवण्याचा टाटा आणि एअरबस यांचा प्रकल्प मिहानमध्ये यावा अशी अपेक्षा जाहीरपणे व्यक्त झाली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी वडोदऱ्यात झाली. ‘प्रकल्प पळवला’ हा आरोप आणि त्यावरचा खुलासा, दोन्ही त्यानंतर बरेच दिवस वर्तमानपत्रांत गाजत राहिले.

बुटीबोरीची गोष्ट वेगळी. इथल्या इंडोरामा सिंथेटिक्स या पॉलिस्टर कारखान्याचा ताबा २०१९ मध्ये थायलंडच्या इंडोरामा व्हेंचर्सकडे गेला. परकीय गुंतवणूक आली, पण वीटही नवी रचली गेली नाही, आणि अशा व्यवहारात प्रोत्साहन यंत्रणेला करण्यासारखे काहीच नसते. नवा कारखाना बांधण्याचे उदाहरण पेर्नो रिकार या फ्रेंच मद्य कंपनीचे: २०२४ मध्ये तिने बुटीबोरीत माल्ट डिस्टिलरीसाठी १,७८५ कोटी रुपयांचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला.

नागपूर विकताना ‘देशाचा मध्य’ हे पहिले वाक्य असते. हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, कंटेनर डेपो आहे, समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. तरी समुद्र दूरच. मालाचा दर टनावर ठरत असेल आणि तो निर्यात करायचा असेल, तर बंदरापर्यंतचे भाडे नफा खाऊन टाकते. देशभर विकायचा माल, किंवा वजनाने हलके आणि किमतीने जड असे विमानाचे भाग, यांना मात्र नागपूर सोयीचे. शहराकडे कोणी यावे आणि कोणाच्या मागे लागू नये, हे यातून पुष्कळ ठरते.

जाहिरातीची बाजू मेळावे सांभाळतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१३ मध्ये नागपुरात ‘अ‍ॅडव्हान्टेज विदर्भ’ भरवले; त्याच नावाने असोसिएशन फॉर इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट या संघटनेने जानेवारी २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये खासदार औद्योगिक महोत्सव घेतले. तिन्ही वेळा थंडीचे दिवस निवडले, याचे कारण नागपूरकराला विचारावे लागत नाही. १९६३ पासून काम करणारी विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन वीजदर, भूखंड आणि कर यांच्या तक्रारी घेऊन सरकारदरबारी जाते. जगभरच्या अशा संस्था ज्याला आलेल्या गुंतवणूकदाराची देखभाल म्हणतात, ते काम नागपुरात पुष्कळसे हीच संघटना करते. सामंजस्य करारावर सही झाल्यावर देकारपत्र, ताबा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, वीजजोडणी असे टप्पे असतात. करार विरतात ते या टप्प्यांत, आणि तिथे व्यासपीठ नसते.

विमानतळाच्या खासगीकरणाने गुंतवणूकदारांना चांगला धडा दिला नाही. जीएमआर कंपनीला २०१९ मध्ये दिलेले काम २०२० मध्ये रद्द झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते रद्द करणे २०२१ मध्ये बेकायदा ठरवले, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला आणि तरीही त्यावरची दुरुस्ती याचिका (अंतिम निकालानंतरचा शेवटचा न्यायालयीन उपाय) निकाली निघायला सप्टेंबर २०२४ उजाडले.

यशाचे मोजमाप हा या विषयातला सर्वांत कच्चा भाग. परकीय गुंतवणुकीची नेहमी प्रसिद्ध होणारी सरकारी आकडेवारी राज्यवार असते, त्यामुळे नागपूरचा वाटा महाराष्ट्राच्या बेरजेत मिसळून जातो आणि मेळाव्यात जाहीर झालेले करारांचे आकडेच चर्चेत राहतात. त्यांत कर्जेही घुसडली जातात. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने ५० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या विकास वित्तसंस्थेने १३ कोटी युरो दिले, पण ती गुंतवणूक नव्हे. ती रक्कम व्याजासह परत करायची आहे.