वस्तुमान, वजन आणि कार्य

पदार्थात द्रव्य किती आहे याचे माप म्हणजे वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये सांगतात. पृथ्वी त्या पदार्थाला ज्या बलाने स्वतःकडे ओढते, ते त्याचे वजन, एकक न्यूटन. बल लावल्यावर पदार्थ बलाच्या दिशेने सरकला तर कार्य घडते. ते ज्यूलमध्ये मोजतात. व्याख्या शाळेतच पाठ होतात, पण रोजच्या मराठीत पहिल्या दोन्ही गोष्टी ‘वजन’ या एकाच शब्दात नांदतात. भाजीवाला तागडीत टाकतो त्या लोखंडी ठोकळ्यांनाही आपण वजनेच म्हणतो, आणि त्यांनी मोजले जाते ते मात्र वस्तुमान.

तागडीची दोन्ही पारडी पृथ्वी सारख्याच जोराने ओढते. त्यामुळे किलोभर कांदे चंद्रावर नेले तरी तागडी किलोच दाखवील. स्प्रिंगचा काटा तिथे जेमतेम एक षष्ठांश भरेल, कारण तो ओढ मोजतो. पृथ्वीवरही ही ओढ सगळीकडे सारखी नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी फुगीरही आहे, म्हणून तिथे गुरुत्व त्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला वाढतो ते माप, सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर ध्रुवांवर ९.८३. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. इथे ते सुमारे ९.७८६, लंडनला ९.८१२. लंडनमध्ये जुळवलेला इलेक्ट्रॉनिक काटा तसाच झवेरी बाजारात आणून ठेवला, तर १०० ग्रॅम सोने पाव ग्रॅमहून थोडे अधिकच कमी दाखवील. सोने तितकेच असते, ओढ घटलेली असते. म्हणून असा काटा वापराच्या जागीच प्रमाणित वजनांनी जुळवावा लागतो.

वस्तुमान वजनापासून वेगळे काढून बघायचे तर चर्चगेटबाहेर डबेवाल्यांची भरलेली हातगाडी पाहावी. तिचे सगळे वजन रस्ता पेलतो. तरी ती जागची हलवताना अंग टाकावे लागते, आणि सिग्नल लागला की थांबवतानाही पाय रोवावे लागतात. चाकांचे घर्षण आहेच; पण गती बदलायला होणारा हा विरोध मुख्यतः जडत्वाचा, म्हणजे वस्तुमानाचा. न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या दुसऱ्या नियमाचे आजचे नेहमीचे रूप हेच सांगते: बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.

कार्याची व्याख्या मात्र पहिल्यांदा ऐकताना अन्यायाची वाटते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून, म्हणजे मासळीच्या बंदरावरून, कोळीण मावशी ३० किलोची पाटी डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने एकसारख्या वेगाने चालली, तर पाटीवर तिने केलेले कार्य जवळजवळ शून्य. डोके पाटीला वर रेटते, पाटी जाते पुढे. बल आणि विस्थापन एकमेकांशी काटकोनात. डोक्यावरची चुंबळही वजन कमी करत नाही, ते जास्त जागेवर पसरवते, म्हणून टाळूला कमी रुतते. मग मावशी दमते कशाने? स्नायू ताणून धरायलाच ऊर्जा लागते. त्यांचे तंतू सतत आखडतात, सैलावतात आणि त्यात अन्नातून आलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते. शिवाय चालताना शरीर पावलागणिक किंचित वरखाली होते. तिचे श्रम खरेच आहेत. ‘कार्य’ हा शब्द ते मोजायला घडवलेलाच नाही.

पुलाची पायरी चढली की हिशेब बदलतो. स्टेशनचा पूल ६ मीटर उंच धरला, तर नुसती पाटी वर न्यायला ३० × ९.७९ × ६, म्हणजे सुमारे १,७६० ज्यूल कार्य होते. मावशीचे स्वतःचे ५० किलो मिळवले की ४,७०० ज्यूल. आहाराच्या भाषेत ही एका कॅलरीहून थोडी जास्त ऊर्जा. पण स्नायू खर्चातला चौथा-पाचवा हिस्साच कार्यात उतरवतात, म्हणून शरीराला चारपाच कॅलरी मोजाव्या लागतात. पलीकडे उतरताना ओढ आणि हालचाल एकाच दिशेने, म्हणून कार्य गुरुत्वाकर्षण करते. पाय उलट दिशेने आवरून धरतात. त्यांचे कार्य ऋण. मांडीचे स्नायू तिथे ताण सोसत लांबत जातात, आणि भरली पाटी घेऊन उतरणारी मावशी म्हणूनच कठडा धरून एकेक पायरी जपून उतरते.